दोन घरांचं एक अंडं

रविवार, ९ जुलै १९३३

आज परत आली. न बोलावता.

दवाखान्यातली नवी नर्सबाई — अबिगेल पेणकर. गेल्या महिन्यात मुंबईहून इथे नेमणूक झाली. अकरा वर्षं या नंदुरबारात शनवार पाळणारं यहुदी घर एकच होतं, स्टेशनामागच्या क्वार्टरांतलं आमचं. आता दोन झाली. पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला की दारातच तिचे दोन्ही हात धरले. आपलं माणूस! दर शुक्रवारी जेवायला ये म्हटलं. मीच म्हटलं. दोष कुणाला देऊ?

सव्वीस वर्षांची. विधवा. नवरा लग्नानंतर वर्षभरात टायफॉईडनं गेला. मूल नाही. हे सगळं तिनं वांगी चिरता चिरता सांगितलं. रडली नाही. वांगी मात्र वेडीवाकडी चिरली. स्वयंपाकाचं काही येत नाही तिला.

परवा शुक्रवारी ह्यांनी द्राक्षरसावरची प्रार्थना म्हटली. सासऱ्यांनी लहानपणी पाठ करून घेतलेली. हिब्रू अक्षरं वाचता येतात, अर्थ ठाऊक नाही. ती म्हणाली, "रूबेनभाऊ, या शब्दाचा अर्थ सांगू?" आणि सांगितला. हे हातात घास धरून ऐकत राहिले. माझं बोलणं ऐकताना ह्यांचा घास कधी थांबल्याचं आठवत नाही.

आज रविवार, तर पुस्तक घेऊनच हजर. दोन तास बसली. मी चहा दोनदा केला. दोनदा!

गुरुवार, २० जुलै

भिकुबाईसुद्धा! धुणंभांडी करते आमची, शनवारी आम्ही विस्तव पेटवत नाही म्हणून तीच येऊन चूल पेटवते. आज भांडी घासता घासता म्हणाली, "मन्ही सूनले नर्सबाईनी वाचाडं वं बाई. देवमाणूस शे ती."

अकरा वर्षं माझ्या दारात आहे ही बाई. माझ्याबद्दल असं कधी बोलली नाही. मी कुणाला वाचवलंय म्हणा.

बुधवार, २ ऑगस्ट

काल बिरड्याचा रोजा झाला. सासूबाईंनी अलिबागेहून कडवे वाल पाठवले होते, मोड छान आले. उपास सोडताना तिघं बसलो. अबिगेलनं आमचं जुनं देऊळ जळालं त्या दिवसाचं काही वाचून दाखवलं, अर्थासकट. हे डोळे पुसत होते. वाल सोलून सोलून माझी बोटं दुखत होती, ती मी चोळत बसले.

वालांबरोबर पत्रही आलंय. "पेणकरांची मुलगी तिकडे आहे असे समजले. घराणे चांगले. रूबेनने तिची विचारपूस ठेवावी." आणि शेवटी नेहमीचंच — "तुझे काही विशेष?" तेरा वर्षं तेच तीन शब्द.

आमच्यात दुसरी करायला बंदी नाही. ह्यांच्या एका चुलत्यांनी केली होती, दोघी एकाच चुलीवर रांधायच्या. सासूबाई ती गोष्ट दर खेपेला सांगतात. जशी काही सहज आठवली!

गुरुवार, १७ ऑगस्ट

आठ-दहा दिवस अबिगेल फिरकली नाही. शुक्रवारीही नाही. किती बरं वाटतंय घरात! हे मात्र गप्प असतात. विचारलं तर म्हणतात, स्टेशनच्या धक्क्यावर माल फार आहे. पावसात कसला आलाय माल?

रविवार, २७ ऑगस्ट

आली एकदाची. जरा वाळली आहे. माझ्याशीच बोलत राहिली, ह्यांच्याशी दोन शब्दसुद्धा नाही. पुस्तक आणलं नव्हतं. मला विचारते — पुरण कसं वाटता, नारळाचं दूध कसं काढता. मला काय कळत नाही? मला खूश ठेवायचं, म्हणजे घराचं दार उघडं राहतं.

जाताना माझा हात दाबला. मी सोडवून घेतला.

रविवार, ३ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नवियाच्या सणाला, आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घालायला, ह्यांचा नवा कोट शिवला. काळी लोकरीची सर्ज. रतिलाल शिंप्याला मी म्हटलं, कॉलर ताठ राहायला तुझं बक्रम नको, हे घाल. आणि माझ्या बाबांनी पलटणीत असताना एडनहून आणलेला लिननचा टेबलक्लॉथ काढून दिला. इतकी वर्षं पेटीत जपला होता. बाबांचं काहीतरी ह्यांच्या गळ्याशी राहील, एवढंच मनात होतं. रतिलालनं काम झकास केलं. कॉलर अशी ताठ की हे कलेक्टर दिसत होते!

अबिगेल आली. कोट बघितला. कॉलर चिमटीत धरून म्हणाली, "आत काय घातलंय?"

मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिचं तोंड उतरलं.

"लोकरीत लिनन? मिलकाबाई, हे शातनेज झालं. आपल्याला घालता येत नाही."

मी आपलं मराठीत छापलेलं शास्त्र आणून तिच्यापुढे ठेवलं. "हे बघ. लोकर आणि ताग. ताग लिहिलंय! हा ताग नव्हे."

"मराठीत दुसरा शब्द सापडला नसेल म्हणून ताग छापलं. मुळात जवसाच्या झाडाचा धागा. लिनन म्हणजे तोच."

"जवस? जवसाची इथे चटणी करतात!"

ती हसली. हेही हसले. दोघं हसले!

मग तिनं कॉलरीतून एक धागा ओढला, काडी पेटवून जाळला. केस जळल्यासारखा वास. "ही लोकर." आतला एक ओढला, जाळला. कागद जळल्यासारखा वास. "हे लिनन." शाळेतल्या मास्तरणीसारखी. मी विचारलं, "पण बिघडतं काय? लोकर लोकरीच्या जागी, लिनन लिननच्या जागी. देवाचं काय अडलं?"

"कारण दिलेलं नाही," ती म्हणाली. "कारण नसताना पाळतो म्हणून तर ते त्याच्यासाठी होतं."

हे तिला म्हणाले, "उसव."

तिला म्हणाले. सुई-कात्री माझ्या डब्यातली, कोट माझ्या नवऱ्याचा, कापड माझ्या बापाचं — आणि उसवायला सांगितलं तिला. दोघं खिडकीशी बसले. हे कॉलर ताणून धरत होते, ती टाके कापत होती. तिची बोटं लांब आहेत. हे बोटांकडेच बघत होते. मी बघत होते ह्यांच्याकडे.

शेवटी लिनन बाहेर निघालं. तिनं घडी घालून माझ्या हातात दिलं. "दुसऱ्या कशातही वापरा. नुसतं लोकरीत नको."

कॉलर आता ओल्या पापडासारखी पडते.

सोमवार, ४ सप्टेंबर

लिननचा तुकडा धुतला आणि माझ्या उशीच्या अभ्र्याला आतून लावला. उशी कापसाची. तिला विचारायची गरज नाही.

सोमवार, १८ सप्टेंबर

अलिबागेहून नारळ आले. परवा चिकाचा हलवा करायचा. गहू भिजत घातलेत.

अबिगेलनं आज नवंच काढलं. सण यंदा गुरुवार-शुक्रवार, आणि त्याला लागून शनवार. तीन दिवस सलग. ती म्हणाली, "सणाच्या दिवशी त्या दिवसापुरतं रांधता येतं. पण शुक्रवारी बसून शनवारचं रांधायचं, तर त्या स्वयंपाकाची सुरुवात बुधवारीच झालेली पाहिजे. म्हणून बुधवारी एक पोळी आणि एक उकडलेलं अंडं बाजूला ठेवायचं, त्यावर शब्द म्हणायचे. त्याला एरुव म्हणतात. ते आहे तोवर शुक्रवारी शनवारसाठी चूल चालते. शुक्रवारचा स्वयंपाक व्हायच्या आत ते कुणी खाल्लं, नाहीतर हरवलं, तर नाही."

हे म्हणाले, "आई असलं काही करत नव्हती." मला इतकं बरं वाटलं! पण लगेच पुढे — "आपण करू."

एक अंडं दोन्ही घरांना पुरतं म्हणे. म्हणताना नाव घ्यायचं झालं.

आता आमच्या चुलीवरही तिचा कायदा.

बुधवार, २० सप्टेंबर

घाईत लिहिते आहे. हलवा ताटात थापला, छान सुटलाय.

दिवस कलता कलता अबिगेल धावत आली. कोळदे गावाहून करणसिंग पाटलाची दमणी, बैलांची हलकी गाडी, आली होती. त्याच्या बायकोचं पहिलटकरणीचं बाळंतपण, दोन दिवस कळा, मूल आडवं आहे. आजच निघायला हवं. तिच्या हातात ताटली होती. तिनं स्वतः भाजलेली पोळी — नकाशासारखी, एका कडेला कच्ची — आणि एक अंडं.

"माझ्या खोलीत उंदीर आहेत. तुमच्या फडताळात ठेवते."

उभ्या उभ्या शब्द म्हटले. मध्येच मराठीत — "मिलकाच्या घरासाठी आणि माझ्या घरासाठी." माझं नाव आधी.

मी म्हटलं, "सण लागतोय तासाभरात, आणि तू गाडीत बसणार?"

"जीव वाचवायचा असेल तेव्हा सगळं चालतं. शुक्रवारपर्यंत येईन. नाही आले तरी तुमचं अडणार नाही, अंडं आहे."

उत्तर तयारच असतं हिचं. हे तिची पेटी उचलून दमणीपर्यंत गेले. दमणी दिसेनाशी होईतो उभे राहिले.

दिवा लावायची वेळ झाली. आता शनवार सरेपर्यंत लेखणी हातात धरायची नाही.

रविवार, २४ सप्टेंबर

तीन दिवस लिहायला बंदी होती. बरंच झालं. त्या वेळी लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं कोण जाणे. पण आता सगळं लिहिणार, जसं झालं तसं.

गुरुवारी सकाळी हे प्रार्थनेला उभे राहिले. अंगात तोच कोट, कॉलर लोंबतेय. एका जागी अडले. परत वाचलं, परत अडले. पुस्तक मिटून म्हणाले, "अबिगेल असती तर अडलो नसतो."

मी मागे उभी होते. डोक्यावर पदर, हात जोडलेले. वर्षाचा पहिला दिवस.

मग हलवा कापला. मी वड्या पाडल्या. ह्यांनी मधली वडी उचलली, बदाम जास्त असलेली. मला वाटलं मला देताहेत. मी हात पुढे केला. खरंच केला! हे म्हणाले, "ही तिच्यासाठी झाकून ठेव."

मी वडी घेऊन फडताळाकडे गेले. दार उघडलं. समोर तिची ताटली. तिची वाकडी पोळी, तिचं अंडं. माझ्या फडताळात, माझ्या डब्यांच्या मध्ये, जागा करून बसलेलं.

मी अंडं उचललं, फडताळाच्या कडेवर फोडलं आणि खाल्लं. उभ्यानं. मीठ नाही, काही नाही. दोन घासांत. मग पोळी खाल्ली. कच्ची कडसुद्धा. घशात अडकली, तरी पाणी घेतलं नाही. बदामाची वडीही खाल्ली.

खाताना काय वाटलं? खोटं कशाला लिहू — गोड वाटलं.

टरफलं चुलीत टाकली. दुपारच्या जेवणाला अंडी उकडायची होतीच, त्यातलं एक बाजूला काढलं. माझी एक पोळी घेतली. तिच्याच ताटलीत ठेवली, झाकली. दिसायला तेच. अंड्याला काय ओळख असते?

शुक्रवारी उठले. ह्यांनी कोंबडी कापून दिली. मसाला वाटलेला होता. बुधवारपासून जपलेला दिवा जळत होता, त्यावरून चूल पेटवायची की झालं. काडी दिव्यावर पेटवली — आणि हात पुढे जाईना.

हे मला समजत नाही. अजून समजत नाही. तेरा वर्षं मी हा नियम ऐकलाही नव्हता. अलिबागेत सासूबाई शुक्रवारी खुशाल रांधतात. गेल्या सोमवारपर्यंत या अंड्याला माझ्या लेखी काही अर्थ नव्हता. आणि आता काडी विझली, दुसरी घेतली, तीही तशीच. आत्ता रांधायला मोकळीक नव्हती, आणि ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

भिकुबाई डोकावली. "बाई, आज चूल कशी नही पेटाडी? दिन बुडाले उना." तिला सांगता आलं असतं, तूच रांध म्हणून. पण मग का ते सांगावं लागलं असतं. पोटात दुखतंय म्हटलं आणि पाटावर बसून राहिले.

तेवढ्यात अबिगेल आली. कोळद्याहून चालत! सणात उगाच गाडीत बसायचं नाही, जीव वाचवायचं काम झालं होतं, म्हणून चालत. पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले, लुगड्याच्या काठाला रक्त. दोन रात्री डोळा लागलेला नव्हता. "मुलगी झाली," म्हणाली. "आई वाचली. आडवी होती हो, हातानं फिरवली." आणि हसली.

मग चुलीकडे बघितलं. "रांधलं नाही?"

"माझं पोट—"

"बसा तुम्ही. मी करते. जमेल तसं करते." हातपाय धुतले, पदर खोचला. फडताळ उघडून ताटलीवरचं झाकण उचललं.

"अगबाई! माझी पोळी इतकी गोल झाली होती?"

हे हसले. मी हसले. मी हसले! ती म्हणाली, "आपलं आहे ना, मग कसली भीती." दिव्यावरून काडी घेतली आणि चूल पेटवली.

सांगायला तेवढाच वेळ होता. काडी दिव्यापासून चुलीपर्यंत जाईतो. मी नाही सांगितलं.

रस्सा खारट झाला. भात खाली लागला. तिनं जीव ओतून केलं होतं. आणि शनवारी दुपारी, रीतीप्रमाणे, ती ताटली मध्ये घेतली. अंडं सोललं, सुरीनं तीन भाग केले. एक ह्यांना, एक मला, एक स्वतःला. "एक काम झालं की त्याच वस्तूनं दुसरं करावं," म्हणाली. "नवीन वर्ष गोड जावो, मिलकाबाई."

मी माझा भाग खाल्ला.

मंगळवार, २६ सप्टेंबर

दोन दिवस जेवण जात नाही. हे म्हणतात, अबिगेलला दाखव. तिलाच!

शुक्रवार, २९ सप्टेंबर

आज संध्याकाळी दारफळणी लागते. दार बंद करायचं, रात्र आणि दिवस पाणीसुद्धा नाही, वर्षाचा सगळा मळ देवापुढे काढायचा. पण माणसाचं केलेलं देव माफ करत नाही. ते ज्याचं त्याच्याकडे जाऊन मागावं लागतं. हे मला कुणा अबिगेलनं शिकवलेलं नाही. माझ्या आईनं शिकवलंय.

सकाळी दवाखान्यामागच्या तिच्या खोलीवर गेले. ती बाहेर पट्ट्या वाळत घालत होती. मला बघून खुर्ची आणायला निघाली. मी म्हटलं, "बसत नाही. अंडं मी खाल्लं."

"कुठलं?"

"तुझं. गुरुवारी. पोळीपण. नंतर ठेवलं ते दुसरं होतं."

तिच्या हातात पट्टी तशीच राहिली. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. खाली पायरीवर बसली.

"म्हणजे शुक्रवारी मी चूल पेटवली तेव्हा काहीच नव्हतं."

"नव्हतं."

"आणि तुम्ही बघत होतात."

"हो."

मग ती चिडली. इतके दिवस ती मऊ बोलते म्हणून मला राग यायचा. आज आवाज चढला तर मी मागे सरले. "मला सांगायचं होतंत! मी उपाशी झोपले असते. उपाशी झोपायची सवय आहे मला. माझ्याजवळ आहे काय दुसरं, मिलकाबाई? नवरा नाही, घर नाही. शनवार आहे. तो माझ्या हातानं मोडवलात. का? काय केलं होतं मी तुमचं?"

मी म्हटलं, "ह्यांनी मधली वडी तुझ्यासाठी काढली."

बोलल्यावर मलाच कळलं केवढंसं होतं ते. वडी! तिनं माझ्याकडे बघितलं. राग तसाच होता, पण आणखी काहीतरी आलं चेहऱ्यावर. कीव म्हणू? नाही. भिंतीपलीकडचं काही ठाऊक असावं तसं.

"मला तुमच्या घरातलं काही नको," हळू म्हणाली. "शुक्रवारी एक पान मांडता, तेवढं पुरे होतं."

"माफ कर मला."

"आत्ता नाही होत माझ्याच्यानं. आत्ता म्हटलं तर खोटं होईल." मग उठली, पट्टी झटकून दोरीवर टाकली. "रूबेनभाऊंना सांगितलंत?"

"नाही."

"त्यांना सांगा. तुमच्या घरात एक तरी गोष्ट उघड्यावर असू दे."

घरी आले. पांढरं लुगडं काढून ठेवलंय. हे अंघोळ करताहेत. ऊन भिंतीच्या वर गेलं. ती अजून आली नाही. ह्यांना सांगायला तोंड उघडत नाही. दिवा लावायचा आहे. लेखणी ठेवते.

रविवार, १ ऑक्टोबर

ती आली होती.

परवा दिवा लावायला काडी ओढली आणि दारात पांढरं दिसलं. धापा टाकत होती. आत आली नाही. उंबऱ्यातून म्हणाली, "माफ केलं. आता खरं आहे, म्हणून आले." आणि मग आत येऊन माझ्या शेजारी बसली. रात्रभराच्या प्रार्थना तिनं वाचल्या, हे म्हणत गेले. मला काही अर्थ कळला नाही, पण या वेळी मीच तिला विचारलं — याचा अर्थ काय? हा शब्द काय? तिनं सांगितला. हळू, माझ्या कानाशी.

काल दिवस मावळल्यावर दार उघडलं, तिघं पाणी प्यालो.

आज शिळा सण. दारी आलेल्यांना द्यायला पुऱ्या तळल्या. अबिगेल लाटायला बसली. एकही गोल नाही. भिकुबाईनं एक उचलून बघितली, म्हणाली, "ही पुरी शे का पान?" तिघी इतक्या हसलो की तेल जळायला आलं.

किती दिवसांनी हसले मी. त्या बाईचा मत्सर करण्यात सबंध पावसाळा घालवला. लाज वाटते. ह्यांच्यावरही उगाच संशय घेतला. साधा देवभोळा माणूस. उद्या सगळं सांगून टाकते.

सोमवार, २ ऑक्टोबर

सांगितलं. अंडं, पोळी, वडी, सगळं. चहा देता देता. हसतील असं वाटलं होतं.

हसले नाहीत. कप खाली ठेवला. म्हणाले, "मिलका, तिच्यावर डूख धरू नकोस. ऑगस्टात आईनं पेणला तिच्या भावाला पत्र लिहिलं होतं. दुसरी म्हणून मागितली होती तिला. माझ्यासाठी. तिनं दोनदा ‘नाही’ म्हणून कळवलं."

मग विचारलं, "आईनं तुम्हाला न विचारता लिहिलं?"

बाहेर मालगाडी शंटिंग करत होती. ह्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

"विचारलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."